सात घरांची सोनेरी बैठक

उस्ता मेतवल्लीच्या डाव्या गालावर कायम सोनं असे. याचा श्रीमंतीशी काही संबंध नव्हता. खुर्चीच्या नक्षीवर लावायचा सोन्याचा वर्ख बोटांनी उचलता येत नाही. बोटाचा नुसता वारा लागला तरी तो चुरगळून बसतो. म्हणून चपटा कुंचला आधी स्वतःच्या गालावर फिरवायचा. गालाचं जरासं तेलकटपण कुंचल्याला लागलं की वर्ख त्याला अलगद चिकटून वर येतो. चाळीस वर्षं हा कुंचला त्या गालावरून फिरत होता, म्हणून तर गल्ली त्याला उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, म्हणे. ईदच्या दिवशी घासूनपुसून, अत्तर लावून उस्ता मशिदीत उभा राहिला, तरी खिडकीतलं ऊन गालावर पडलं की शेजारच्या माणसाचं लक्ष नमाजातून क्षणभर उडायचंच.

"अख्ख्या दुम्यात शहरात हा एकच माणूस असा आहे," लबीब मास्तर म्हणायचे, "ज्याच्या गालाला भाव आहे आणि मजुरीला नाही."

नदीकाठच्या त्या गल्लीत सात घरं. पहिलं विधवा उम्म झकीचं, सातवं मेतवल्लीचं. खाली कारखाना, वर संसार, अशी सगळ्यांची रीत. कुणी लाकूड कापणारा, कुणी नक्षी कोरणारा, कुणी गाद्या भरणारा. शेवटी खुर्ची मेतवल्लीकडे यायची आणि सोनेरी होऊन देशभरातल्या नवरीमुलींच्या घरी जायची. एके काळी या गल्लीत सकाळी दोन माणसांना बोलायचं तर ओरडावं लागे, इतक्या करवती चालत. आता सकाळी उम्म झकीच्या घरातल्या कढईचा आवाज सातव्या घरात ऐकू येऊ लागला होता. लाकूड परदेशातून येतं, वर्ख परदेशातून येतो, आणि देशाचा पौंड रोज थोडाथोडा आजाऱ्यासारखा खाली खचत होता. आठवड्यातून तीन दिवस काम असलं तर मेतवल्ली त्याला चांगला आठवडा म्हणे.

आता त्या बैठकीबद्दल सांगायला हवं. एक कोच, चार खुर्च्या. मेतवल्लीने स्वतःच्या हाताने, मुलीच्या, नज्लाच्या, लग्नासाठी वर्ख चढवलेली. नज्लाचा नवरा ट्रक चालवायचा. सुएझच्या रस्त्यावर एका धुक्याच्या सकाळी तो अपघातात गेला, आणि ज्या गाडीवरून बैठक सासरी गेली होती त्याच गाडीवरून ती, नज्ला आणि तीन पोरं परत आली. बैठकीवर पांढरी चादर घालून ती समोरच्या खोलीत ठेवली. विकायची नाही असं कुणी ठरवलं नव्हतं. तो विषय कुणी काढायचं नाही एवढंच ठरलं होतं.

मग एका गुरुवारी उम्म झकीच्या थोरलीला बघायला पाहुणे यायचे होते. तिच्या घरी बसायला लाकडी खोकं आणि दोन उशा.

"उस्ता, एक संध्याकाळ," ती दारात येऊन म्हणाली. "पाहुणे गेले की परत. तुझ्या वर्खाला श्वासही लागू देणार नाही."

बैठक गेली, सोयरीक जमली. तेव्हापासून गल्लीत ज्या घरी पाहुणा, त्या घरी बैठक, असा रिवाजच पडला. मागच्या बाजूला सातही घरांचं मिळून एक आवार होतं, लाकडं वाळत घालायचं. त्यातून खुर्च्या एका मागच्या दारातून दुसऱ्या मागच्या दारात जायच्या. अकरा वर्षांत चौदा लग्नं तिच्यावर ठरली. कफ्र साअद गावचा एक गृहस्थ मुलासाठी मुलगी बघायला आधी तिसऱ्या घरी आला आणि तिथे जमलं नाही म्हणून महिन्याभराने पाचव्या घरी. दोन्हीकडे त्याच कोचावर बसला. हाताखालची तीच गुलाबाची नक्षी, त्याच पाकळीला तोच टवका. गल्लीला वाटलं, झालं, पकडले गेलो. गृहस्थाने पाकळीवरून बोट फिरवलं, यजमानाकडे बघितलं आणि म्हणाला, "किती सुंदर काम आहे!" महिन्यापूर्वी तिसऱ्या घरीही तो हेच म्हणाला होता. ज्याला सगळं कळलेलं असतं आणि तुम्हाला लाजवायचं नसतं, असा माणूस हेच वाक्य बोलतो, ही मेतवल्लीची तेव्हापासूनची समजूत.

संध्याकाळी चहाच्या दुकानात दोन पक्ष बसत. एका बाकावर हाज दरविश. नदीवर त्याचं काचेचं मोठं फर्निचरचं दुकान, आणि मेतवल्लीला मिळणारं काम त्याच्याकडूनच. दुसऱ्या बाकावर लबीब मास्तर, निवृत्त, इतिहासाचे. चर्चा वीस वर्षं एकच होती, फक्त वस्तूंचे भाव बदलत. त्या वसंतात मात्र ती रोटीवर येऊन थांबली होती. कर्ज देणाऱ्या परदेशी लोकांनी म्हणे सांगितलं होतं की स्वस्त सरकारी रोटी सगळ्यांना देणं परवडायचं नाही. गरजू कोण, हे घरोघरी जाऊन बघायचं आणि बाकीच्यांची नावं रोटीच्या कार्डावरून खोडायची.

"बरोबरच आहे," दरविश म्हणाला. "सरकार म्हणजे काय सासुरवाडी आहे, रोज ताट वाढून ठेवायला? बाजार मोकळा सोडा. जो काम करील तो खाईल."

"काम दे की मग," मास्तर म्हणाले. "हा मेतवल्ली बसलाय समोर. त्याला आज काम होतं का, विचार."

"मी कुठून देऊ? गिऱ्हाईक चिनी खुर्ची घेतं. फवाऱ्याने सोनं मारलेली. अर्ध्या किमतीत."

"म्हणजे बाजार मोकळा सोडायचा आणि तो सुटला की आपल्याच अंगावर यायचा."

"मास्तर, तुम्हाला पेन्शन आहे म्हणून गप्पा सुचतात."

"तुला दुकान आहे म्हणून तुला सुचतात!"

सगळे हसले. मेतवल्लीही हसला, पण तो मनातून दरविशच्या बाजूचा होता. मेतवल्लीला खोटेपणाचा तिटकारा. नकली वर्खाला अस्सल म्हणून त्याने जन्मात विकलं नव्हतं. पलीकडच्या मोहल्ल्यात तीन मजली घरं असलेले लोक सरकारी रोटी घेऊन कोंबड्यांना घालतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्या दिवशी त्याने टेबलावर असा हात आपटला की चहाचे ग्लास उडाले.

"ज्याच्या घरात आहे त्याचं नाव खोडायलाच पाहिजे! माझ्या घरात सापडलं तर माझं खोडा. सगळ्यांच्या देखत सांगतो."

"शाबास," दरविश म्हणाला. "उस्ताला एक चहा, माझ्यातर्फे."

मास्तर नुसते त्याच्या गालावरच्या सोन्याकडे बघत राहिले.

मेतवल्लीच्या कार्डावर सहा नावं होती. तो, बायको इन्शिराह, नज्ला, तीन पोरं. सहा नावांच्या तीस रोट्या रोज. त्या तीस रोट्यांवर घर चालत होतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि टेबलालाही.

पाहणीचा दिवस आला तो सोमवार. आदल्या रात्रीच उम्म झकीने बातमी आणली होती की राजधानीतून साहेब येतोय, घरं बघणार, चांगल्या घराण्यांना काही मदत मिळणार आहे. बातमीतला 'मदत' हा शब्द तिने स्वतः घातला होता. पण गल्लीला त्याची गरजही नव्हती. साहेब म्हणजे पाहुणा. घरात आलेला पाहुणा खोक्यावर बसतो, ही कल्पना त्या गल्लीत कुणाच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं.

"उस्ता, बैठक," उम्म झकी दुपारी मागच्या दारात उभी राहून म्हणाली.

"घेऊन जा," मेतवल्ली म्हणाला. त्याने स्वतः चादर काढली, मऊ फडक्याने पाकळ्या पुसल्या. कुणाच्याही मनात पाप नव्हतं. खरं सांगायचं तर कुणाच्या मनात काहीच नव्हतं.

साहेबाचं नाव नाजी. पोरगेलासा, काटकुळा, सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेला, हातात सरकारी फोन. फोन त्याला सांगायचा आणि तो करायचा: खोलीच्या चार कोपऱ्यांतून चार फोटो, माणसं किती, कमावणारे किती. उम्म झकीने त्याला सोनेरी खुर्चीवर बसवलं, चहा दिला, उसनवारीची मशब्बकची मिठाई दिली. तो चहा पीत असताना मागच्या दाराने कोच दुसऱ्या घरी निघाला. तो उठला तशी त्याच्या बुडाखालची खुर्चीही निघाली. तिसऱ्या घरात नाजी साहेब ज्या खुर्चीवर टेकला, ती अजून त्याचीच ऊब धरून होती. त्याने एकदा खाली वाकून बघितलं. मग यजमानीणबाईंनी हातात ग्लास दिला आणि तो गप्प बसला.

चौथ्या घरात चहा, पाचव्या घरात चहा. सहाव्या घरात मात्र घोटाळा झाला. नाजी साहेबाच्या पोटात आता चहा मावत नव्हता. त्याने बसता बसता फोटो काढले, ग्लासाला नुसता ओठ लावला आणि पाच मिनिटांत उठला. समोरच्या दाराने बाहेर पडून तो सातव्या घराच्या उंबऱ्यावर उभा राहिला, तेव्हा बैठक अजून मागच्या आवारात, लाकडांच्या ढिगापाशी अडकलेली होती. एका टोकाला सहाव्या घरचा सुतार, दुसऱ्या टोकाला उम्म झकी, आणि मध्ये कोचाचा पाय कुठल्याशा फळीत.

अशा रीतीने अख्ख्या गल्लीत सोनेरी बैठक ज्याची होती, त्याच्याच घरी साहेबाला चटईवर बसावं लागलं.

मेतवल्ली लाजेने अर्धा झाला. "साहेब, एक मिनिट थांबा. खुर्च्या येतायत."

"असू दे, हाज," नाजी वडीलधाऱ्याला म्हणतात तसं म्हणाला. त्याने चार कोपरे टिपले. चटई, भिंत, चटई, भिंत. "असू दे. बरं आहे हे."

तो गेल्यावर इन्शिराह म्हणाली, "अहो नज्लाचे बाबा, गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत. शेवटी आपल्याच घरी पाहुणा जमिनीवर!"

रात्रभर मेतवल्लीला त्याचीच टोचणी लागून राहिली होती.

तीन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, रोटीच्या दुकानावर उम्म झकीचं कार्ड यंत्रात गेलं. रोज एकदा टुक वाजे. त्या दिवशी दोन लांब आवाज आले. भट्टीवाल्या सुब्हीने कार्ड काढलं, बाहीला पुसलं, पुन्हा घातलं. पुन्हा दोन लांब आवाज.

"तुझी नावं गेली, उम्म झकी."

"कुठे गेली?"

"मला काय माहीत? यंत्र सांगतं, गेली."

रविवारी दुसऱ्या घराचं कार्ड. सोमवारी तिसऱ्या. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की हे काही वेडंवाकडं चाललेलं नाही. साहेब ज्या क्रमाने चालत आला होता, ज्या क्रमाने खुर्च्या फिरल्या होत्या, त्याच क्रमाने ते दोन आवाज एकेका दाराकडे येत होते. मंगळवारी चौथं. मेतवल्ली रोज सकाळी आपल्या रोट्या घेऊनही दुकानापाशी उभा राही, आवाज ऐकायला. बुधवारी पाचवं. गुरुवारी सहाव्या घरचा सुतार कार्ड हातात धरून यंत्रासमोर नुसताच उभा राहिला, घालीचना. शेवटी सुब्हीनेच ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

शुक्रवार तिथे सुट्टीचा वार; कचेऱ्या, भट्टी सगळं बंद. इन्शिराहने गुरुवारच्या रोट्या फडक्यात बांधून वरच्या फळीवर ठेवल्या, आणि धाकट्या नातवाने दोनदा मागितल्यावर एक काढली.

शनिवारी मेतवल्ली रांगेत उभा राहिला. रांगेच्या बाजूला उम्म झकी होती, सुतार होता. रोज येत, सुब्हीकडे उरलंसुरलं मागायला. सगळे त्याच्या हाताकडे बघत होते. कार्ड यंत्रात गेलं.

टुक.

एकदाच. सुब्हीनेसुद्धा मान वर केली. मग त्याने तीस रोट्या मोजून जाळीवर पसरल्या, फुगलेल्या, कोंड्याच्या, वाफ निघत असलेल्या. त्या उचलताना मेतवल्लीचे तळहात भाजले, पण त्याने ते जाणवू दिलं नाही. कुणी काही बोललं असतं तर बरं झालं असतं. शिवी दिली असती तर फारच बरं झालं असतं.

"घरी ने, उस्ता," उम्म झकी म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "निवतील. पोरांना गरम गरम दे."

तो गल्लीतून चालत आला. सहा दारं ओलांडली. करवती बंद, त्यामुळे चपलांचा आवाज फार मोठा येत होता.

त्या संध्याकाळी दुकानात त्याने दोन्ही बाकांना सगळं सांगितलं. कचेरीच्या यादीत आता सहा घरांत सहा सोनेरी बैठका पडल्या असणार. आणि ज्याची ती एकुलती एक बैठक आहे, त्याच्या घरी नुसती चटई.

"मी जाऊन खरं सांगणार."

दरविश बाकावरून पुढे झुकला. "वेड लागलं का तुला? तुझं वाचलंय ना? गप्प बस. देवाने डोळा झाकलाय तर तू बोट घालून उघडतोस?"

"हाज, तुम्ही म्हणा की बैठक तुमच्या दुकानातली होती. दाखवायला दिली होती. म्हणजे कुणाचंच जाणार नाही."

दरविश एकदम मागे सरकला. "माझ्या नावावर एक खुर्ची जास्त निघाली, तर करवाले उद्या दारात. बाजार आहे, मेतवल्ली. प्रत्येकाने आपलं आपलं बघायचं."

मेतवल्ली मास्तरांकडे वळला. हे तरी म्हणतील, जा.

लबीब मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "जाऊ नकोस."

"तुम्हीसुद्धा?"

"त्यांनी खरं विचारलंच नव्हतं. फोटो मागितले होते. तू आता खरं घेऊन गेलास तर ते ठेवायला त्यांच्याकडे खण नाही. तुझी रोटी जाईल ती नक्की जाईल. त्यांची येईलच असं नाही."

वीस वर्षांत पहिल्यांदा दोन्ही बाकांचं एकमत झालं होतं. मेतवल्लीला खरी भीती वाटली ती तेव्हा.

घरी आल्यावर त्याने काही सांगितलं नाही. रविवारी सकाळी बाहेर पडताना त्याने चपला सोडून बूट घातले, तेव्हा इन्शिराह स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"कचेरीत निघालात."

"तुला कुणी सांगितलं?"

"लग्नाला जाताना आणि स्वतःचं नुकसान करायला जाताना तुम्ही बूट घालता. तीन बिनबापाची पोरं आहेत कार्डावर. त्यांची नावं लिहिताना हात थरथरू देऊ नका, शाई सांडते. आणि मला विचारून गेलात असं कुणाला सांगू नका. मी हो म्हटलेलं नाही."

नज्ला तिच्या मागून म्हणाली, "बाबा, त्या बैठकीवर मी लग्नात दोनदा बसले असेन. उम्म झकीच्या पोरी जास्त बसल्यात. जा."

"तू गप्प बस," इन्शिराह म्हणाली, आणि डोळे पुसायला आत गेली.

कचेरीतल्या खिडकीमागची बाई वयस्क होती, समंजस होती, आणि सकाळपासून शंभर लोकांशी समंजसपणाने बोलून तिचा आवाज बसला होता.

"सहा घरं, सहा सोनेरी बैठका," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "तुमच्या गल्लीत खेदीव राजा राहतो का, हाज?"

"बाई, बैठक एकच. फिरत होती."

"फिरत होती?"

"पाहुणा येतो तिथे जाते. तसा रिवाज आहे आमच्यात."

बाईने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या स्वतःच्या लग्नात कुणाची बैठक आली होती ते तिला आठवलं असावं, कारण ती क्षणभर हसली. मग हसू पुसून म्हणाली, "फिरत होती असा रकाना नाही. आहे किंवा नाही, एवढंच आहे. कुणाची तरी असेलच. मालकाचं नाव लिहून द्या. बाकीच्या घरांची फेरपाहणी लागेल."

"आणि मालकाचं?"

"मालकाचं काय, मालक आहे म्हणजे आहे." तिने आवाज खाली आणला. "हाज, तुमच्या नावापुढे चटई आहे. मी तुम्हाला आज पाहिलेलं नाही. घरी जा."

वाचायची वाट दाखवणारी ती तिसरी होती. आधी दरविश, मग मास्तर. मेतवल्लीने कठड्यावरचं पेन घेतलं. हात थरथरला नाही. आपल्या कार्डावरची सहाही नावं लिहिली, खाली सही केली, आणि सही करताना कागदावर कुठेतरी बारीक चमक पडली. गालावरचं गळालं होतं.

सोमवारी यंत्राने दोन लांब आवाज दिले. एवढ्या वेगाने त्या कचेरीचं काम गल्लीने जन्मात पाहिलं नव्हतं. बाकीच्या सहा घरांचं काय, विचारायला गेलं की उत्तर यायचं, फेरपाहणी होईल.

दिवस जाऊ लागले. इन्शिराह विकतच्या रोट्या आणी, त्या लहान असत आणि कमी असत. तिने हळूच वाढायची थाळीही लहान काढली. उम्म झकीच्या धाकटीला एका गुरुवारी बघायला आले. मेतवल्ली दुपारपासून चादर काढून बसला होता. कुणीही मागच्या दाराशी आलं नाही. पाहुणे खोक्यावर आणि उशांवर बसले, आणि पुन्हा आले नाहीत. सोन्याची खुर्ची आपल्या उंबऱ्याच्या आत यायला नको, अशी त्या गल्लीने धास्तीच घेतली. पोरं मेतवल्लीच्या घरात शिरून कोचाला शिवली तर आया हाक मारून परत बोलावत.

सातव्या आठवड्यात नाजी साहेब पुन्हा आला. या वेळी गल्लीला आधी कळलं होतं. मेतवल्लीने मागच्या खिडकीतून पाहिलं ते त्याने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं: सुतार आपलं भिंतीवरचं घड्याळ उतरवत होता. तिसऱ्या घरातून जुना फ्रिज पोत्यात गुंडाळून आवारात नेला जात होता. चौथ्या घरातली बाई पोरांच्या पायातल्या चपला काढून घेत होती. अकरा वर्षं ही गल्ली नसलेलं दाखवत आली होती. असलेलं लपवायला ती सहा आठवड्यांत शिकली.

नाजी उम्म झकीच्या घरी शिरला. चार फोटो काढायला लागतो तेवढ्या वेळात बाहेर आला. दुसऱ्या घरातून तसाच. तिसऱ्या. त्याच्या हातात ग्लास नव्हता. दुपारचं ऊन होतं, सदऱ्याचं गळ्याचं बटण अजून लावलेलं होतं आणि घाम कॉलरमधून आत जात होता. सहा घरं झाली आणि गल्लीत कुणीही पाहुण्याला पाणी विचारलं नाही. चुलीवर चहा आहे असं त्याच्या फोनला दिसलं तर?

सातवं घर त्याच्या यादीत नव्हतंच. तो दारावरून पुढे निघाला होता.

"साहेब," मेतवल्लीने हाक मारली. "आत या. आमच्याकडे चहा प्यायला आता हरकत नाही. आमचं जायचं ते गेलंय."

नाजी थांबला. गल्लीकडे एकदा वळून पाहिलं, मग आत आला. मेतवल्लीने चादर काढली आणि त्याला खुर्चीवर बसवलं. आत इन्शिराहने डब्यातली साखर चमच्यावर घेतली, चमचा हलवून थोडी परत पाडली, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, चमचा पुन्हा भरून घेतला.

"मागच्या वेळी तुम्हाला चटईवर बसवलं होतं," मेतवल्ली म्हणाला. "ते मनात राहिलं होतं."

नाजी चहा प्यायला. घाईघाईने, भाजत असतानाच. दुसऱ्या ग्लासालाही त्याने नको म्हटलं नाही. फोन त्याने पालथा मांडीवर ठेवला होता.

"साहेब, एकच विचारतो," मेतवल्ली म्हणाला. तो समोर चटईवर बसला होता. "उम्म झकी, सुतार, बाकीचे. बैठक माझी, हे मी लिहून दिलंय. आज त्यांची घरं तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत, खोकी आणि उशा. आता त्यांची नावं परत येतील ना?"

दाराबाहेर पावलं थांबलेली ऐकू आली. एक, दोन, मग आणखी. गल्ली दारापाशी येऊन उभी राहिली होती, आत न येता.

नाजीने ग्लास खाली ठेवला. मांडीवरच्या फोनकडे बघितलं, पण सुलटा केला नाही. मग त्याचा हात खुर्चीच्या हातावर गेला, कोरलेल्या गुलाबावर, आणि बोट सावकाश पाकळीच्या कडेने फिरू लागलं.

"हाज," तो मेतवल्लीकडे न बघता म्हणाला, "किती सुंदर काम आहे."